चौघांचं रात्रीचं जेवण: खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

संध्याकाळी सात वाजता ज्या घरात ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न पहिल्यांदा निघतो, त्या घरात रात्रीचं जेवण महाग पडतं. तूरडाळ शंभरला असो की दीडशेला, त्यानं फार फरक पडत नाही. सातला कडधान्य भिजलेलं नसतं, भाजी निवडलेली नसते, कामावरून आलेलं माणूस दमलेलं असतं आणि मुलांना भूक लागलेली असते. मग फोनवरून जेवण मागवलं जातं. मध्यम हॉटेलातून दोन भाज्या, सात-आठ रोट्या आणि एक भात मागवला, की घरपोच आणण्याचे पैसे धरून सहाशे-सातशे रुपये सहज होतात. तेवढ्याच पैशांत चौघांचं जवळपास आठवडाभराचं साधं, पोटभर आणि पौष्टिक जेवण घरी होतं. ते कसं, याचा हिशेब पुढे रुपयांत मांडला आहे.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी घरांच्या खर्चापैकी जवळपास ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर होताना दिसतो. त्यात सर्वांत मोठा वाटा पेयं, फराळ आणि तयार पदार्थांचा आहे, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के. डाळींचा वाटा त्याच्या पाव हिश्शाइतकाही नाही. तरी भाव चढले की पहिली कात्री डाळीलाच लागते. आमटीत पाणी वाढतं, आठवड्यातून दोनदा होणारी उसळ एकदाच होते, आणि बिस्किटांचे पुडे, फरसाण, थंड पेयांच्या बाटल्या मात्र यादीत जशाच्या तशा राहतात. माझा आग्रह याच एका गोष्टीसाठी आहे. काटकसर जरूर करा, पण डाळीचं आणि कडधान्याचं माप कमी करू नका. घरातल्या वाढत्या मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या ताटातलं तेच सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचं अन्न आहे.

माप किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं साधारण प्रमाण दिलं आहे. फळं आणि शेंगदाण्यासारख्या तेलबिया वेगळ्या. यातली जवळपास निम्मी डाळ रात्री खायची म्हटली, तर माणशी पस्तीस-चाळीस ग्रॅम कोरडी डाळ होते. म्हणजे चौघांना दीडशे ग्रॅम.

दीडशे ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. तुम्ही रोज ज्या वाटीनं डाळ घेता, ती काठोकाठ भरून वाण्याच्या काट्यावर किंवा घरच्या वजनकाट्यावर ठेवा. बहुतेक घरांतली आमटीची मध्यम वाटी एवढ्याच आसपास भरते. अडचण अशी, की पुष्कळ घरांत चौघांच्या वरणाला अर्धीच वाटी डाळ पडते आणि उरलेलं पोट भातानं भरलं जातं. पूर्ण वाटी घाला आणि भात थोडा कमी करा. खर्च नऊ-दहा रुपयांनी वाढेल, पण त्या दहा रुपयांइतकं काम घरातला दुसरा कुठलाही खर्च करत नाही.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्यामागेही कारण आहे. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळींत मेथिओनिन कमी असतं, आणि दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरी भरून काढते. खिचडी, वरण-भात, पिठलं-भाकरी, वरणफळं ही सगळी जेवणं याच जोडीवर उभी आहेत. खानदेशातली कळण्याची भाकरी तर ज्वारीत उडीद दळूनच होते, त्यामुळे तिथे नुसत्या भाकरीतच डाळ आलेली असते. ज्यांच्या घरात उसळ खायला मुलं कुरकुर करतात त्यांनी हे पीठ दळून बघावं.

हिशेबाला धरलेले भाव

भाव गावागावांत आणि महिन्यामहिन्याला बदलतात. खालचे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. तुमच्या दुकानातला भाव त्यांच्या जागी घालून गणित पुन्हा करा. किलोला ज्वारी ५० रुपये, दळणासह गव्हाचं पीठ ४५, तांदूळ ६०, तूरडाळ १३०, मूगडाळ १२०, मटकी १२०, अख्खा मसूर ९०, छोले ११०, बेसन ११०, शेंगदाणे १४०. तेल लिटरला १६०, दूध लिटरला ६०, अंडं ७ रुपयांना एक, चिकन किलोला २४० आणि पनीर ४००. पालेभाजीची जुडी २० रुपये.

आता या भावांकडे एका वेगळ्या बाजूनं बघा. दहा ग्रॅम प्रथिनं मिळवायला किती पैसे पडतात? अख्ख्या मसुरातून सुमारे चार रुपये. बेसनातून पाच. तूरडाळ, मटकी आणि शेंगदाणे यांतून सहाच्या आसपास. अंड्यातून अकरा. चिकनमधून हाडांचं वजन वजा केलं तर सतरा-अठरा, दुधातून एकोणीस आणि पनीरमधून एकवीस. सोयाबीनच्या वड्या किलोला १२० धरल्या तर त्या अडीच रुपयांतच बसतात, पण त्या सगळ्यांना रुचत नाहीत, म्हणून मी त्या रश्श्यात मूठभर घालण्यापुरत्याच सुचवेन.

दूध-दह्यातून कॅल्शियम मिळतं आणि अंड्यात इतर पुष्कळ काही असतं, त्यामुळे ती ताटात हवीतच. पण ‘प्रथिनं हवीत म्हणून पनीर’ हे समीकरण गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांत फारच घट्ट बसलं आहे आणि ते खिशाला परवडणारं नाही. दोनशे ग्रॅम पनीर ८० रुपयांचं. दीडशे ग्रॅम मटकी १८ रुपयांची. प्रथिनं पनीरमध्ये थोडी जास्त मिळतात, पण पैसे चौपटीहून जास्त जातात, आणि मटकीतला चोथा, लोह पनीरमध्ये नाही. पनीर हौसेला करावं, पोषणासाठी मटकी.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, किलोमागे ०.८३ ग्रॅम हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण. रात्रीच्या एका ताटात वीस ग्रॅम आली तरी पुष्कळ झालं.

नव्वद रुपयांचं एक जेवण, तपशिलात

मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर. मटकी दीडशे ग्रॅम, १८ रुपये. कांदा, टोमॅटो, थोडं खोबरं, मसाला, कोथिंबीर मिळून १२. तेल अडीच-तीन चमचे, ६ रुपये. ज्वारीचं पीठ साडेचारशे ग्रॅम, त्यात मध्यम सहा भाकऱ्या. दळणासह २५ रुपये. काकडी पाव किलो १०, दही ८, दाण्याचं कूट ३. गॅस ८ रुपये. बेरीज ९०. माणशी साडेबावीस रुपये आणि प्रथिनं वीसेक ग्रॅम.

या जेवणाला पैशांपेक्षा वेळेचं नियोजन जास्त लागतं. गुरुवारी रात्री उसळ हवी असेल तर बुधवारी सकाळी मटकी भिजली पाहिजे. सकाळी चहा ठेवता ठेवता मटकी दोनदा धुऊन, वर चार बोटं पाणी राहील अशी भिजत घाला. रात्री जेवणं झाली की पाणी निथळून ओल्या पंच्यात घट्ट बांधा, गाठोडं चाळणीत ठेवा आणि वर झाकण घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचा कोरडा वाटला तर त्यावर पाण्याचा हबका मारायचा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात, फडक्यातून बाहेर डोकावतात. थंडीत मात्र गाठोडं ओट्यावर न ठेवता पिठाच्या डब्यामागे किंवा बंद कपाटात उबेला ठेवावं लागतं आणि तरी अर्धा दिवस जास्त जातो. मोड आले की मूळच्या दीडशे ग्रॅमची परात भरते. मोडामुळे कडधान्यात क जीवनसत्त्व तयार होतं, लोह शोषायला आड येणारे फायटेट कमी होतात आणि शिजायला गॅसही कमी लागतो. उसळीवर लिंबू पिळायची आपली पद्धत तर अगदी योग्य. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह जास्त अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर नेमकं उलट होतं, म्हणून रात्री जेवणानंतरचा चहा सोडता आला तर जरूर सोडा.

या सगळ्यात हाताचं काम जेमतेम दहा मिनिटांचं आहे, आणि ते घरातलं कुणीही करू शकतं. भिजत घालणं आणि बांधणं हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा घरातल्या पुरुषाकडे कायमचं द्यावं. पुष्कळ घरांत स्वयंपाकात मदत मिळते, पण उद्या काय करायचं हे लक्षात ठेवण्याचं ओझं एकाच बाईच्या डोक्यावर राहतं. ती थकली की हॉटेलची ऑर्डर जाते. त्यामुळे हे ओझं वाटून घेणं हा सरळ पैशांचाही प्रश्न आहे.

सात रात्रींचा हिशेब

सोमवारी वरची मटकीची उसळ, ९० रुपये. मंगळवारी मूगडाळीची खिचडी आणि कढी: तांदूळ दोनशे ग्रॅम आणि डाळ दीडशे, कढीला पाव किलोहून थोडं जास्त घरचं दही, सोबत गाजराची किंवा कोबीची कोशिंबीर. तूप धरून ८८ रुपये. खिचडीत डाळ तांदळाच्या पाऊणपट असावी. तांदळात जेमतेम दिसेल एवढीच डाळ घातली तर तो नुसता पिवळा भात होतो.

बुधवारी मेथीच्या दोन जुड्या, मूगडाळ घालून परतलेली भाजी, पोळ्या, वरण-भात: १०४. पालेभाजीचं जेवण उसळीपेक्षा महाग पडतं हे इथे दिसतं, तरी आठवड्यातून दोनदा पालेभाजी हवीच. गुरुवारी अख्खा मसूर आणि पोळी, सोबत कांदा-लिंबू, ७६ रुपये. सांगली-कोल्हापूरकडे अख्खा मसूर हौसेनं खातात. इतरत्र तो अजून गरिबाचा समजला जातो, याचं मला वाईट वाटतं. तो मटकीपेक्षा स्वस्त आहे, त्याला मोड आणावे लागत नाहीत, दोन-तीन तास भिजला तरी चालतो आणि अजिबात न भिजवताही कुकरमध्ये शिजतो.

शुक्रवारी सहा अंड्यांचा रस्सा, पोळी, थोडा भात आणि कोबीची कोशिंबीर, ११७. शनिवारी पिठलं, भाकरी, कच्चा कांदा आणि ताक, ७९. रविवारी अर्धा किलो चिकन, भाकरी, भात: २११.

सात रात्रींची बेरीज ७६५ रुपये. माणशी एका ताटाला सव्वासत्तावीस रुपये, आणि महिन्याचे साधारण ३,३००. शाकाहारी घरात अंड्यांच्या जागी छोले आणि चिकनच्या जागी पनीर ठेवलं तर आठवडा ६८० रुपयांत बसतो. यात फळं, सकाळचं दूध आणि दुपारचं जेवण धरलेलं नाही. रविवारच्या एका जेवणाला आठवड्याच्या पावभागाहून जास्त पैसे जातात, तरी मी ते काढायला सांगणार नाही. हौसेचा एक दिवस ठरलेला असला की बाकीचे सहा दिवस घरातलं कुणी कुरकुरत नाही आणि मधल्या वारी काही मागवावंसंही वाटत नाही.

ताटात रोज नवं काहीतरी हवं असं नाही. वार ठरवून टाका. मंगळवार खिचडीचा, शनिवार पिठल्याचा, असं एकदा बसलं की आतली भाजी, फोडणी, कडधान्य बदलत राहायचं. शनिवारचं बेसनाचं पिठलं एखाद्या आठवड्यात कोकणातल्यासारखं कुळथाचं करा, कधी विदर्भातला डाळकांदा करा. वार पक्के असले की किराणाची यादी आपोआप तयार होते.

भाजीबाजार

भाजीत पैसा वाचतो तो घासाघीस करून कमी आणि हंगाम ओळखून जास्त. डिसेंबर ते फेब्रुवारी मटार, गाजर, मेथी, पालक, वालपापडी, पावटा, मुळा भरपूर आणि स्वस्त. उन्हाळ्यात दुधी, काकडी, भोपळा. पावसाळा सुरू झाला की पालेभाज्या आणि टोमॅटो हमखास चढतात. तेव्हा दोडका, पडवळ, तोंडली, कारली यांच्याकडे वळावं. कोकणात आणि घाटमाथ्याजवळच्या बाजारांत जुलै-ऑगस्टला टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या वाट्यांनी येतात. विकणाऱ्या बाईला ‘कशी करायची?’ एवढं विचारलं तरी ती मनापासून सांगते. ओळख नसलेली रानभाजी मात्र तिला न विचारता घेऊ नये.

रात्री आठच्या सुमारास मंडईत जाऊन बघा. ज्या मेथीची सकाळी जुडी वीसला होती, तिचे उरलेले ढीग विक्रेते दोन-दोन जुड्यांचे वाटे करून पंचवीसला देतात, कारण पालेभाजी त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येत नाही. घेताना देठाचं टोक मोडून बघायचं: कट्कन मोडलं तर भाजी अजून चांगली, वाकलं तर सोडून द्यायची. पान कोमेजलेलं असेल तर चालतं, काळं पडून चिकट झालेलं चालत नाही. अशी भाजी त्याच रात्री निवडून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी संपवायची. ज्यांना निवडायला वेळच नाही त्यांनी हा मोह टाळावा. कुजून टाकलेली स्वस्त भाजी सगळ्यांत महाग.

आठवड्याचा क्रमही तसाच लावावा. बाजाराच्या पहिल्या दोन दिवसांत पालेभाजी, नंतर वांगी, भेंडी, फ्लॉवर, मग दुधी, कोबी, भोपळा, आणि पुढच्या बाजाराच्या आदल्या दोन दिवशी कडधान्यं. पालेभाजी धुऊन ठेवू नका, कोरडीच सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय जुनी आहे, पण छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. जुन्या साडीचा किंवा धोतराचा धुतलेला तुकडा उत्तम.

अडीअडचणीची तीन जेवणं

कितीही ठरवलं तरी महिन्यातून चार रात्री सगळं विस्कटतं. लोकल उशिरा येते, पाहुणे येतात, कुणी आजारी पडतं. अशा रात्रींसाठी भिजवणं नाही, भाजी नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासात होतील अशी तीन जेवणं हाताशी हवीत: पिठलं-भात, मूगडाळीची खिचडी आणि वरणफळं. त्यांचं सामान संपता कामा नये. बेसन, मूगडाळ, तूरडाळ, कणीक, कांदे, लसूण एवढंच लागतं. वरणफळं, म्हणजे चकोल्या, करायला एकाच पातेल्यात वरण उकळतं आणि त्यात पोळीच्या शंकरपाळ्या सोडायच्या. वरून तूप घातलं की लहान मुलंही दोनदा मागतात. चौघांचा खर्च साठ-सत्तर रुपये.

रविवारी अर्धा तास काढून कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि दाण्याचं कूट करून ठेवलं तर मोठी सोय होते. वाटणाला पाण्याचा हात लावू नका, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं. तयार ग्रेव्हीचं पाकीट घेण्याची गरज मग उरत नाही. त्या पाकिटांत मीठही पुष्कळ असतं. पोषण संस्थेची मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम आहे, आणि पापड, लोणचं, फरसाण ताटात रोज असलं तर ती कधीच ओलांडली जाते.

पोळ्यांबद्दल विचारलं जातं. घरी तीस ग्रॅमची पोळी तेल-गॅससह दोन रुपयांत होते. पोळीभाजी केंद्रात तीच आठ ते बारा रुपयांना मिळते. बारा पोळ्यांमागे शंभर रुपयांचा फरक पडतो. पण रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईनं पोळ्या विकत आणून घरात फक्त उसळ केली, तर ते जेवण हॉटेलपेक्षा तिपटीनं स्वस्त आणि कितीतरी चांगलं. यात काहीही कमीपणा नाही. किंवा त्या रात्री कुकरला भातच लावावा.

तेल, गॅस आणि पाकिटावरचा दर

माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर पुरतं. तुमच्या घरी पाच किंवा सहा लिटर जात असेल, तर तिथे दोनशे ते चारशे रुपयांची बचत आहे आणि तब्येतीचाही फायदा. फोडणीला बुधल्यातून थेट तेल ओतू नका, चमच्यानं घाला.

तेल घेताना पिशवीवरचं वजन वाचा. लिटरभर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं. हल्ली दिसायला तेवढीच, पण आत आठशे-साडेआठशे ग्रॅम असलेली पिशवी शेजारीच ठेवलेली असते आणि ती पाच-दहा रुपयांनी स्वस्त वाटते. पाकीटबंद मालावर एमआरपीसोबत प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर असा एकक दर छापणं बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत असतो, पण खरी तुलना त्याच्यावरूनच होते.

गॅसचा खर्च काढायचा तर सिलिंडरच्या किमतीला तो तुमच्याकडे जितके दिवस पुरतो त्या आकड्यानं भागा. साडेआठशेचा सिलिंडर चाळीस दिवस गेला, तर दिवसाला एकवीस रुपये, त्यातले आठ-दहा रात्रीचे. डाळ अर्धा तास आधी भिजवणं, वरण आणि भात एकाच कुकरमध्ये लावणं आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करणं, एवढ्यानं सिलिंडर तीन-चार दिवस जास्त जातो.

किराणा एकत्र घेतला तरी फरक पडतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचं सामान सामूहिक खरेदीतून देते. अशी सोय तुमच्या गावी नसेल, तर इमारतीतल्या चार-पाच घरांनी मिळून वर्षाची ज्वारी आणि तूर घ्यायला हरकत नाही. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येऊ लागते, नवी तूरही हिवाळ्याच्या अखेरीस येते. तेव्हा माल ताजा असतो आणि भावही बहुधा नरम असतात. भाकरीला मंगळवेढा-सोलापूरकडची मालदांडी उत्तम. ती महाग वाटली तर साधी शाळू घ्या, पण खरिपाची पावसात भिजून काळी पडलेली स्वस्त ज्वारी घेऊ नका. डाळ साठवताना कडक ऊन दाखवून, एरंडेलाचा हात फिरवून ठेवली की किडत नाही.

ज्यांना रेशनवर धान्य मिळतं त्यांचा हिशेब वेगळा होतो. प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य सध्या मोफत आहे. धान्यावरचे जे पैसे वाचतात ते पहिल्यांदा डाळीवर, मग अंड्यांवर आणि पालेभाजीवर खर्च करावेत. नुसत्या भात-पोळीनं पोट भरतं, पण मुलांची वाढ तेवढ्यावर होत नाही.

भाव चढले तर

तूर दोनशेला गेली की मसूर आणि मूग वापरा. आमटी मिश्र डाळीची करा, चिंच-गुळाच्या आमटीत निम्मी मसूर घातलेली कुणाला कळतही नाही. टोमॅटो शंभरीपार गेला तर चिंच, आमसूल, कैरी, ताक यांनी आंबटपणा येतो. कांदा महागला की खोबरं-लसणाचं वाटण. समुद्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि ओले मासे परवडेनासे होतात. त्या दोन महिन्यांसाठी किनारपट्टीवर मे महिन्यातच सुकट, सोडे, सुके बोंबील भरून ठेवतात. मूठभर सुकट वांग्यात किंवा कांद्यात घातली तरी जेवण होतं. ती खारट असते, म्हणून आधी धुऊन घ्या आणि भाजीत मीठ बेतानं घाला.

सुरुवात करणाऱ्यांनी सगळा महिना एकदम बसवायला जाऊ नये. पहिल्या पंधरवड्यासाठी मटकी, अख्खा मसूर, मूगडाळ, तूरडाळ, छोले, बेसन आणि शेंगदाणे प्रत्येकी अर्धा किलो आणा. वरच्या भावानं हे सामान ४१० रुपयांना पडतं. फ्रीजच्या दारावर सात वारांचा कागद लावा आणि उसळीच्या आदल्या दिवशीच्या चौकोनात ‘सकाळी मटकी भिजवणे’ असं लिहून, खाली ते काम ज्याचं आहे त्याचं नाव घाला.